दारू सुटली, आता रागाचं, टेन्शनचं, लाजेचं काय करायचं?

दारू सोडणाऱ्या माणसाला आपल्याकडं सगळे एकच सांगतात, मन घट्ट कर. आई सांगते, बायको सांगते, कीर्तनाला आलेले महाराज सांगतात, कुणी माळ घाल म्हणतं, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतं. आणि माणूस ती शपथ मनापासून घेतो, खोटं नसतंय त्याचं. पण त्या शपथेत कुठंच सांगितलेलं नसतं की उद्या संध्याकाळी सात वाजता डोकं सणकलं, छातीत धडधडायला लागलं, जीव नुसता कासावीस झाला तर नेमकं करायचं काय. आजवर त्याला त्यावर एकच इलाज माहीत होता आणि तोच आपण काढून घेतला. म्हणून व्यसनमुक्तीच्या गटात बसणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सारखी सांगत असतो, बाटली सोडली म्हणजे अर्धं काम झालं, राहिलेलं अर्धं म्हणजे स्वतःच्या भावना सांभाळायला शिकणं. आणि हे शिकता येतं, कुणाच्या स्वभावात नाही म्हणून अडत नाही.

आपल्या मराठवाड्यात होतंय काय की माणूस ॲडमिट होतो, सलाईन लागतं, गोळ्या चालू होतात, डिस्चार्ज होतो, घरी आला की आठ दिवस सगळे कौतुक करतात आणि नंतर तेच वावर, तेच कर्ज, तेच भावकीचं भांडण. या पुढच्या भागाबद्दल मराठीत फार कमी लिहिलंय म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

आधी शरीराचं बघा, हे सोडून पुढं जाऊ नका

रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं घरच्या घरी एकदम दारू बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. गावात याला बाहेरचं लागलं म्हणून देवऋषाकडं नेतात, तिथं वेळ जातो आणि माणूस हातचा जाऊ शकतो. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, सरळ दवाखान्यात न्या. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची सरकारी मेडिकल कॉलेजं, सगळीकडं मानसोपचार विभाग आहे, जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची ओपीडी असते. तिथं डॉक्टर गोळ्यांनी हा त्रास आटोक्यात ठेवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात कारण दारूमुळं ते अंगात कमी पडलेलं असतं आणि त्याची कमतरता मेंदूला इजा करू शकते.

अजून एक. 'न सांगता चहात टाका, दारू सुटेल' म्हणून पावडरी विकतात. त्यात नेमकं काय असतं कुणालाच माहीत नसतं, पुष्कळदा डायसल्फिराम असण्याचा संशय असतो. हे औषध डॉक्टरही देतात पण पेशंटला पूर्ण सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून. ते पोटात असताना दारू पिली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी एकदम उतरू शकतं. गुपचूप देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. वहिनी, काकू, तुमची तळमळ कळते मला, पण हे करू नका.

दारू सुटल्यावर माणूस जास्तच चिडका का होतो

घरचे म्हणतात, "पित होता तेव्हा बरा होता, आता तर जवळ जाऊ देत नाही." यात त्याचा नालायकपणा नाही. दारू मेंदूला सुस्त करते, वर्षानुवर्षं रोज सुस्त केल्यावर मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. दारू थांबली की हा जागेपणा तसाच राहतो, बारीक आवाजानं दचकणं, बारीक बोलण्यानं भडकणं, विनाकारण रडू येणं, झोप न लागणं, हे सगळं त्यातून येतं. अंगाचं कापणं आठवड्याभरात जातं, पण झोप आणि मूड जागेवर यायला काही आठवडे, कधी कधी महिने लागतात. हे आधीच माहीत असलं की माणूस घाबरत नाही आणि घरचे पण जरा सबुरीनं घेतात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. विसाव्या वर्षापासून प्रत्येक राग, प्रत्येक दुःख, प्रत्येक लग्नातला आनंदसुद्धा ज्यानं दारूत बुडवला त्याला चाळिसाव्या वर्षी कोरड्या डोक्यानं राग कसा सोसायचा हे माहीतच नसतं. कुणी शिकवलंच नाही. आपल्याकडं पोरांना रडू नको म्हणतात, पण मग काय कर, हे कोण सांगतंय?

भावना हाताळायच्या ज्या पद्धती पुढं सांगतोय त्यातल्या बऱ्याच गोष्टी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतून आल्यात, थोडक्यात डीबीटी. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी ती मुळात सारखे जीव द्यायचे विचार येणाऱ्या लोकांसाठी तयार केली, पुढं व्यसनासाठीही वापरायला लागले. त्याच विद्यापीठात ॲलन मार्लट होते, माणूस परत पितो तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं याचा त्यांनी अभ्यास केला, त्यात तीन कारणं मोठी निघाली, मन खराब असणं, घरात किंवा बाहेर भांडण होणं आणि मित्रांचा आग्रह. आणि जर्मनीत मॅथियास बर्किंग यांच्या टीमनं २०११ साली दारूच्या उपचाराला आलेल्या लोकांवरचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की उपचार संपताना ज्यांना भावना सांभाळायचं बऱ्यापैकी जमत होतं ते पुढच्या काळात कमी प्यायले, आणि सगळ्या कौशल्यांत एक उठून दिसलं, वाईट वाटणं सहन करता येणं. वाईट वाटणं बंद करता येणं असं नाही, ते वाटत असताना टिकून राहता येणं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडं येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "सर, टेन्शन येऊच नये अशी गोळी द्या ना." टेन्शन तर येणारच की. ते आलं असताना न पिता संध्याकाळ काढायची, हे शिकायचंय.

सुरुवात इथून: आत काय चाललंय त्याला नाव द्या

"कसं वाटतंय?" विचारलं की आपल्या गड्यांची उत्तरं दोनच, "बरं हाय" नाहीतर "डोकं फिरलंय." डोकं फिरलंय यात राग येतो, भीती येते, अपमान येतो, लाज येते, एकटेपणा येतो, थकवा येतो, नुसती भूकही येते. आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. भूक लागल्यावर भाकर पाहिजे, लाज वाटल्यावर कुणाशी तरी बोललं पाहिजे, थकल्यावर पडलं पाहिजे. नाव माहीत नसलं की सगळ्यावर एकच औषध उरतं, क्वार्टर.

तर दिवसातून तीनदा, सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवताना आणि दिवेलागणीला, स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. अंगात कुठं काय होतंय (छाती, पोट, जबडा, मुठी)? याला नाव काय? ० ते १० मध्ये किती? लिहिता येत असेल तर पोराच्या जुन्या वहीत लिहा, नसेल तर मोबाईलवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज करून ठेवा, दोन वाक्यं पुरतात. "पोटात खड्डा पडलाय, भीती आहे, सात." बास. पहिले काही दिवस हे फालतू वाटतं, तरी करा, कारण सातवर असताना कळलं तर काहीतरी करता येतं, दहावर गेल्यावर पाय आपोआप दुकानाकडं वळलेले असतात.

एका दिवसाची साखळी उलगडून बघू

आमच्या गटातला एक शेतकरी, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. काही महिने छान राहिला आणि दिवाळीच्या आधी सोयाबीन विकायला मोंढ्यात गेला तेव्हा पिऊन आला. गटात विचारलं, का पिलास?

"राग आला म्हणून."

कुणाचा? "आडत्याचा." मग आम्ही फळ्यावर त्या दिवसाची एकेक कडी लिहायला घेतली, अगदी आदल्या रात्रीपासून. रात्री शेतातली लाईट उशिरा आली, हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, झोप तीन तास. सकाळी नुसता चहा घेऊन टेम्पोसोबत निघाला. मोंढ्यात मालाचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून भाव तोडला. दुपारी पट्टी हातात आली, त्यात हमाली, तोलाई आणि जूनमध्ये घेतलेली उचल वजा होऊन जे उरलं ते बघून पोटात खड्डा पडला. मी त्याला तिथंच थांबवलं, त्या खड्ड्याच्या वेळी डोक्यात काय चाललं होतं? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पोरीची फी भरायचं कबूल केलतं. घरी काय तोंड दाखवू."

म्हणजे तो राग नव्हताच, लाज होती. राग आडत्यावर निघाला कारण रागात माणसाला निदान ताठ उभं राहता येतं, लाजेत मान खाली जाते. त्यानंतर मेव्हण्याचा फोन आला, "मग, यंदा काय पैसाच पैसा असल की," तो त्याच्या जिव्हारी लागला. बायकोला फोन करायचं टाळलं. एकटाच झाडाखाली बसला. आणि मग ओळखीचा एक जण आला, "चल की, लई दिवस झाले."

आता ही साखळी बघा, दुकानात तो शेवटी गेला, पण तुटायची जागा त्याच्या आधी किमान पाच-सहा ठिकाणी होती. सकाळी निघताना दोन भाकरी बांधून घेतल्या असत्या तर, पट्टी बघितल्यावर लगेच बायकोला फोन करून खरा आकडा सांगितला असता तर, मेव्हण्याचा फोन उचललाच नसता तर, झाडाखाली एकटं बसण्यापेक्षा गटातल्या कुणाला कॉल केला असता तर. भाव त्याच्या हातात नव्हता, हे सगळं होतं. तुम्हीपण तुमच्या शेवटच्या पिण्याची साखळी अशीच कागदावर काढा, एकट्यानं जमत नसेल तर कौन्सिलरसोबत काढा, आणि प्रत्येक कडीसमोर लिहा की इथं मी दुसरं काय करू शकलो असतो. हा एक कागद माझ्या मते दहा भाषणांपेक्षा जास्त कामाचा आहे. त्याच गड्यानं पुढच्या वेळी तुरी विकायला जाताना डबा नेला, सोबत पोराला नेलं आणि पट्टी हातात पडल्या पडल्या घरी फोन लावला.

तलफ आली, आता काय

तलफ म्हणजे वळवाचा पाऊस आहे. आभाळ असं काळं होतं की आता सगळं वाहून जाणार, आणि अर्ध्या तासात थांबतो. बहुतेक वेळा तलफ वाढत जाते, टोकाला पोचते आणि आपण काहीच केलं नाही तरी उतरते, फक्त प्यायची सवय असलेल्या माणसानं ती उतरताना कधी बघितलेलीच नसते, कारण उतरायच्या आधीच तो पिलेला असतो. मार्लट यांनी नेमकं हेच शिकवलं, तलफेशी कुस्ती खेळायची नाही, ती कुठं जाणवतेय (घशात, जिभेवर, हातात) ते बघत राहायचं, आता सात, आता आठ, आता परत सात, असं मोजत राहायचं. घड्याळ लावा, अर्धा तास. अर्ध्या तासानं परत आली तर परत अर्धा तास.

पण नुसतं बसून बघणं नवीन माणसाला जड जातं, म्हणून आधी अंग शांत करायचं. मी शिकवतो त्या क्रमानं सांगतो.

पाणी. माठातलं गार पाणी घमेल्यात किंवा बादलीत घ्या, वाकून तोंड कपाळापर्यंत त्यात बुडवा, श्वास रोखून १५ ते ३० सेकंद. एवढं नाही जमलं तर ओला गार टॉवेल डोळ्यांवर आणि गालांवर दाबून धरा. तोंडावर गार पाणी आणि रोखलेला श्वास एकत्र आले की हृदयाचे ठोके कमी होतात, ही शरीराची उपजत क्रिया आहे, त्यात विश्वास ठेवायचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं नळाचं पाणीच गरम येतं तेव्हा माठ नाहीतर फ्रिजचं घ्या. हृदयाचा त्रास असेल, ठोके मंद असतील किंवा तशी गोळी चालू असेल तर हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.

मग अंग हलवा. जोरात चालत वेशीपर्यंत जा आणि या, जिना चढा-उतरा, लाकडं फोडा, गोठा झाडा. दहा-पंधरा मिनिटं, दम लागेपर्यंत. फक्त एक ध्यानात ठेवा, चालायला निघाल्यावर रस्ता दुकानाकडचा नको.

मग श्वास. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, सोडणं लांब पाहिजे हे महत्त्वाचं, पाच मिनिटं. ज्यांना आकडे मोजायचा कंटाळा येतो त्यांना मी सांगतो विठ्ठल विठ्ठल म्हणत सोडा, हरिपाठ म्हणणाऱ्याला लांब श्वास सोडायची सवय असतेच. मुस्लीम भाऊ तस्बीह घेऊन करतात, बुद्धविहारात जाणारे आनापान करतात. जे तुमच्या घरातलं आहे ते वापरा.

हे सगळं आधी बरं वाटत असताना रोज करून बघायचं. तलफ आल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर डोकं चालत नाही आणि मग माणूस म्हणतो, केलं पण काही उपयोग झाला नाही.

मन म्हणतंय त्याच्या उलट करायचं, पण कधी?

प्रत्येक भावना आपल्याला काहीतरी करायला ढकलते. राग म्हणतो धावून जा, भीती म्हणते टाळ, लाज म्हणते लपून बस, उदासी म्हणते गोधडी घेऊन पडून राहा. आणि आपण तसं केलं की ती भावना अजून वाढते. डीबीटीत यावर उलटी कृती सांगतात. पण त्याच्या आधी एक पायरी आहे जी लोक गाळतात, ती म्हणजे खरं काय घडलं ते तपासणं.

समजा पारावर चार जण बसलेत, तुम्ही जवळून गेलात आणि ते हसले. अंगाची लाही झाली. आता डोळ्यानं काय दिसलं? चार जण हसले. बाकीचं, म्हणजे ते मलाच हसले, मला बेवडा म्हणाले, हे आपण जोडलेलं आहे. असू शकतं खरं, नसूही शकतं. राग परिस्थितीला धरून नसेल किंवा धरून असूनही त्यावर धावून जाण्यानं नुकसानच होणार असेल, तर उलटं करा, दोन पावलं मागं सरका, आवाज खाली आणा, मुठी उघडा, तिथून निघा. आणि राग खराच रास्त असेल, म्हणजे कुणी बांध कोरला, कुणी मजुरी बुडवली, तर तो गिळायचा नाही, उद्या सकाळी शांत डोक्यानं तलाठ्याकडं, मुकादमाकडं, चार माणसांत जाऊन मांडायचा. राग येणं वाईट नाही. त्या रागात पिणं किंवा हात उचलणं वाईट आहे.

लाजेचं जरा वेगळं आहे आणि माझ्या अनुभवात आपल्याकडं माणूस परत पितो त्यामागं लाजच जास्त वेळा निघते. दारू सोडलेला माणूस लग्नाला जात नाही, सोयऱ्याकडं जात नाही, घरात बसून राहतो, एकटेपणा वाढतो आणि मग पितो. इथं उलटं म्हणजे जायचं. मान वर करून, इस्त्रीचे कपडे घालून, बायको-लेकरांसोबत, थोडा वेळ. ज्यांचे पैसे बुडवले, ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याकडं जाऊन स्वच्छ सांगायचं, "दादा, माझ्याकडून झालं ते चुकीचं होतं, मी दवाखाना करायलोय, महिन्याला जमेल तसे देतो." एवढं बोलायला लाज वाटते खरी, पण बोलल्यावर ती लाज निम्म्यावर येते, आणि न बोलता लपून बसलं तर ती वाढतच जाते.

उदासीसाठी रोज एक असं काम जे केलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं (विहिरीची मोटर दुरुस्त करणं, लेकराचा अभ्यास घेणं) आणि एक असं जे नुसतं बरं वाटतं म्हणून. मन झाल्यावर करीन म्हणायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं.

पोट, झोप आणि एकटेपणा

ॲल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत दारूचं व्यसन असलेल्या दोन माणसांच्या भेटीतून सुरू झाली. तिथल्या लोकांची एक साधी तपासणी आहे, तलफ आली की चार प्रश्न विचारायचे, भुकेला आहे का, रागात आहे का, एकटा आहे का, थकलोय का. मोंढ्याच्या गोष्टीत चारही उत्तरं हो होती. उपाशी राहू नका, चहावर दिवस काढू नका, संध्याकाळी पाचच्या सुमाराला काहीतरी पोटात घाला, शेंगदाणे-गूळ, भाकरीचा तुकडा, काहीपण. रात्रीच्या लाईटमुळं झोप मोडली असेल तर दुसऱ्या दिवशी मोठे व्यवहार, वाद, बँकेची कामं ठेवू नका. 'झोपेसाठी थोडी घेतो' हे तर सगळ्यात फसवं आहे, दारूनं डोळा लागतो पण उत्तररात्रीची झोप मोडते.

झोपेची गोळी मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, एक सोडून दुसरं लागतं.

आग्रह करणाऱ्याला काय म्हणायचं

"एक घेतल्यानं काय होतंय," "भावाची एवढीपण किंमत नाही का," "सोडली म्हणं, मोठा साधू झालास की." पोळ्याला, हळदीच्या रात्री, बोकडाच्या जेवणाला, इलेक्शनमध्ये हे ऐकावंच लागतं. कारणं देत बसू नका, गोळ्या चालू आहेत म्हणलं की समोरचा म्हणतो आज गोळी घेऊ नको. एकच वाक्य ठरवा, "नाही भाऊ, मी घेत नाही." परत आग्रह झाला तर तेच वाक्य, तिसऱ्यांदा झाला तर हात जोडून निघायचं. घरी बायकोसमोर, आरशासमोर मोठ्यानं म्हणून प्रॅक्टिस करा, खरंच म्हणतोय. हातात पाण्याचा नाहीतर सरबताचा ग्लास धरून ठेवा. आणि गाडी स्वतःची न्या, परतायला दुसऱ्यावर अवलंबून असलेला माणूस अडकतो.

आनंदातही जपा. पैसे हातात आले, पोरगी पास झाली, मॅच जिंकली, अशा वेळी माणूस गाफील असतो. उचल मिळते त्या दिवशी किंवा कारखान्याचं बिल जमा होतं त्या दिवशी पैसे घरच्यांच्या खात्यावर जाऊ द्या, पहिले काही महिने तरी.

घेतलीच तर

एकदा घेतली की मनात येतं, आता मोडलंच सगळं, मग पुरी बाटलीच होऊ दे. मार्लट यांनी या विचारावरच बोट ठेवलं होतं, पहिल्या घोटापेक्षा हा विचार जास्त घात करतो. एक ग्लास घेतला असेल तर दुसरा घेऊ नका, तिथून उठा, ठरवलेल्या माणसाला फोन करा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरला भेटा आणि वर सांगितली तशी साखळी काढा. सोडून राहिलेले दिवस वाया गेलेले नसतात, त्या दिवसांत तुम्ही जे शिकलात ते तुमच्याकडंच आहे. पण परत रोजचं पिणं सुरू झालं असेल तर घरीच बंद करायला जाऊ नका, सुरुवातीला सांगितलेला धोका परत लागू होतो.

घरच्यांसाठी

दारू उतरल्याशिवाय वाद घालू नका, पिलेल्या माणसाला समजावून कुणाचंच भलं झालेलं नाही. दारू सोडल्यावर जुन्या गोष्टी रोज उगाळू नका, पण तुमच्या मनातला राग दाबूनही ठेवू नका, त्याच्यासाठी कौन्सिलर तुमच्याशीपण बोलतो, तशी वेळ मागा. "आज पिलास का?" असं तोंडाचा वास घेत विचारण्यापेक्षा "आज दिवस कसा गेला?" विचारा. तो चिडून बाहेर निघाला तर आडवं पडू नका, आधीच बोलून ठेवा की चिडल्यावर अर्धा तास बाहेर चालायला जाणार आणि परत येणार. मारहाण होत असेल तर मात्र सहन करू नका, ११२ ला फोन करा, बायकांसाठी १८१ आहे. व्यसन हा आजार आहे हे खरं आहे, पण आजारी आहे म्हणून मारायची मुभा नाही.

दारू पिणाऱ्या बाया पण आहेत, ऊसतोडीच्या फडावर आहेत, शहरात फ्लॅटमध्ये आहेत, त्यांना तर कुणी दवाखान्यातसुद्धा नेत नाही, घराण्याचं नाव जाईल म्हणून लपवतात. वर लिहिलेलं सगळं त्यांना तसंच लागू आहे आणि ओपीडी त्यांच्यासाठीही आहे.

आणि एक गोष्ट आजच करा. फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध राहत्या घरात ठेवू नका. कुलूप लावून शेतातल्या खोलीत ठेवा नाहीतर शेजाऱ्याकडं, आणि किल्ली दुसऱ्याकडं. दारू पोटात असताना नाहीतर नुकती सुटलेली असताना, त्यात कर्जाचं टेन्शन, माणसाच्या डोक्यात भलतं येऊ शकतं, आणि ती वेळ पुष्कळदा थोडीच असते, हाताशी डबा नसला तर माणूस वाचतो. 'मी नसलो तर बरं होईल' असं कुणी बोललं तर त्याला सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट त्याला बोलायला जागा मिळते. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

फोन कुठं करायचा

टेलिमानस, १४४१६, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोन सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६. ॲडमिट व्हायचं असेल तर पुण्यातलं मुक्तांगण आहे, १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेलं, आपल्याकडून बरेच लोक तिथं जातात, पण जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज आधी बघा, फॉलोअपला दर पंधरा दिवसांनी जाणं जमलं पाहिजे. कुठलंही खाजगी केंद्र निवडताना आधी विचारा की डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, आणि मारतात-बांधतात असं कानावर आलं तर तिथं ठेवू नका.

पुष्कळ जण फोन लावतात आणि समोरून हॅलो आलं की कट करतात, काय बोलायचं कळत नाही म्हणून. तर एवढंच म्हणा, "मी दारू पितो, किती वर्षांपासून ते सांगतो, शेवटची कधी घेतली ते सांगतो, आता असं असं होतंय, जवळ कुठं दाखवू?" हात कापतायत का, कधी फिट आली होती का, जीव द्यायचा विचार येतो का, हे त्यांनी नाही विचारलं तरी आपणहून सांगा. ओपीडीला जाताना सोबत एक माणूस, आधार कार्ड, जुने कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या, आणि डॉक्टरला स्पष्ट विचारा की गोळ्यांसोबत राग आणि टेन्शन सांभाळायला शिकवणारं कौन्सिलिंग तुमच्याकडं कोणत्या वारी असतं.